मरणघरींचे शब्द

मराठी वाङ्मयास मरणाचें वावडें आहे असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. संतांनीं तें गायिलें, शाहिरांनीं रणांगणावर वर्णिलें, आधुनिक कवींनीं त्यावर विलापिका रचिल्या, आणि नाटककारांनीं तर प्रेतासहि रंगभूमीवर बोलावयास लाविलें. परंतु मरण ही एक गोष्ट आणि मरणघर ही दुसरी. मनुष्य गेल्यानंतर त्याच्या अंगणांत तेरा दिवस जें कांहीं घडतें, कोण येतें, कोण रडतें, रडतांना काय बोलतें, कोण जेवूं घालतें आणि त्याचा खर्च कोण सोसतें, ह्या गोष्टींकडे आमच्या वाङ्मयानें कोणत्या दृष्टीनें पाहिलें, हा प्रश्न आम्हांस ह्या लेखांत विचारावयाचा आहे. आमच्या लेखकांनीं पाहिलें पुष्कळ, पण ऐकिलें फार थोडें, असें आमचें मत झालें आहे. तें कशावरून, हें क्रमानें सांगतों.

प्रथम प्रदेश सांगतों. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत सिहोरा हें गांव आहे. बावनथडी व वैनगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतला हा धानाचा मुलूख. मध्य प्रदेशाची हद्द येथून जवळच. पोवार, कुणबी, तेली, कलार, ढिवर, गोंड आणि १९५६ नंतर बौद्ध झालेलीं कुटुंबें अशी ह्या भागांतली वस्ती. आणि मराठी, झाडीबोली, पोवारी व हिंदी अशी भाषांची सरमिसळ. विधि बहुतेक ओळखीचेच. मरणघरची चूल पेटत नाहीं. शेजारी व सोयरे अन्न आणून घालतात, तो कडू घांस. मसणवटींतून परतलेले पुरुष कडुनिंबाचा पाला चावतात. पुढें राख सावडणें, दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणें, आणि शेवटीं तेरवीचें जेवण. रात्रीं पीठ पसरून त्यावर टोपलें पालथें घालावयाचें आणि सकाळीं त्यांत कोणत्या जीवाचें पाऊल उमटलें तें पाहावयाचें, ही रीतहि महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं आहे. मध्य प्रांतांतील जातीजमातींवर रसेल आणि रायबहादुर हिरालाल ह्यांनीं १९१६ सालीं चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत गोंडांची एक रीत दिली आहे : नदीवर जाऊन मृताचें नांव घेऊन हाक मारावयाची, पाण्यांतला एखादा मासा किंवा किडा धरावयाचा, आणि तो घरीं आणून जीव परत आला असें मानावयाचें. बौद्ध कुटुंबांनीं श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा घेतली असल्यामुळें त्यांच्याकडे त्रिशरण-पंचशील म्हणून निरोप दिला जातो.

ह्या सर्व विधींच्या बाजूस आणखी एक विधि असा आहे कीं ज्याला पुरोहित नाहीं, पोथी नाहीं, आणि ज्याची वासलात बहुतेक ग्रंथांत एका वाक्यांत लाविलेली असते : बायका रडतात. हें वाक्य खरें आहे. परंतु काव्यसंग्रहाविषयीं 'ह्यांत शब्द आहेत' असें म्हणण्याइतकेंच तें उपयोगाचें आहे.

परगांवीं दिलेली लेक किंवा बहीण शिवेपाशीं पोहोंचतांच हेल काढते. घरांतल्या बायका तो आवाज ओळखून उठतात आणि दोघी दोघी गळ्यांत पडून रडतात. हें रडणें निःशब्द नसतें. त्यांत आधीं मृतास नात्यानें हाक असते. मग त्यानें काय केलें ह्याची मोजणी असते, बांधलेली विहीर, वाढविलेली बैलजोडी, पहिल्या बाळंतपणाला नेलेलें लुगडें. मग 'असा कसा गेलास' हा प्रश्न. आणि शेवटीं मागें राहिलेल्यांची अवस्था. ओळ एका ठराविक सुरावर चढते आणि उसाशावर उतरते. त्या उसाशाच्या अवकाशांत पुढची ओळ जुळून येते. पुरेसें झालें असें दिसतांच एखादी वडीलधारी बाई पाण्याचा तांब्या पुढें करते, आणि रडणारी थांबते. थांबणें हाहि रीतीचाच भाग होय. ज्याला आरंभ आहे, बांधणी आहे, लय आहे आणि शेवट आहे, जें जुन्या साच्यांत नवा मजकूर त्या क्षणीं भरतें, त्यास इतर कोठेंहि आपण काव्य म्हणतों. येथें मात्र आपण त्यास रडणें म्हणतों आणि पुढें जातों.

ह्या विलापाचा दुसरा एक गुण आहे, आणि वाङ्मयाच्या दृष्टीनें तो अधिक मोलाचा आहे. ज्या बाईस जन्मभर अंगणांत मोठ्यानें बोलण्याची मुभा नसते, तिला ह्या एका प्रसंगीं साऱ्या गांवादेखत बोलतां येतें. दिवाळीला न्यावयास न आलेला भाऊ, बापाला दवाखान्यांत नेण्यास उशीर करणारा पुतण्या, सासूच्या आजारांत पाठ फिरविणारी जाऊ, ह्या सर्वांचा हिशेब मृताला हाक मारण्याच्या निमित्तानें मांडला जातो. ऐकणाऱ्यास तो बोचतो. पण रडणाऱ्या बाईला मध्येंच अडविणें हें गांवाच्या नीतींत बसत नाहीं. म्हणजे विलाप हा शोक तर आहेच, पण ती फिर्यादहि आहे. आणि ती करतांना बाई आपल्या घरच्या बोलीवर येते. शहरांत वीस वर्षें राहून प्रमाण मराठी बोलणाऱ्या लेकीचाहि गळा फुटतो तो पोवारींत किंवा झाडीबोलींतच.

ह्याचें मोल काय, हें समजून घेण्यास आयर्लंडाकडे पाहणें उपयोगी पडेल. तेथील खेड्यांत मृताचा देह घरांत ठेवून सारी रात्र जागवीत. तंबाखू, चिलमी आणि मद्य पाहुण्यांपुढें ठेवीत; तरुण मंडळी खेळ आणि थट्टामस्करी करी; आणि विलाप करण्यांत प्रवीण असलेल्या बाया, कित्येकदां मोबदला देऊन आणलेल्या, प्रेतापाशीं बसून मृताचे गुण आणि कुळी गात. ख्रिस्ती धर्मसभांनीं सतराव्या व अठराव्या शतकांत ह्या प्रकाराविरुद्ध पुनःपुन्हा फतवे काढिले, तरी रीत फार काळ टिकली. शॉन ओ सूलिवान ह्या लोकविद्यापंडितानें ह्या जागरणांतील खेळांवर १९६१ सालीं आयरिश भाषेंत स्वतंत्र पुस्तकच लिहिलें.

परंतु आमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. १७७३ सालीं कॉर्क परगण्यांत आर्ट ओलियरी हा तरुण सरदार मारला गेला. कॅथलिकानें पांच पौंडांहून अधिक किंमतीचा घोडा बाळगूं नये असा इंग्रजी कायदा होता, आणि त्यानें आपली घोडी त्या किंमतीस देण्याचें नाकारिलें हें त्याचें निमित्त. त्याची पत्नी आयलीन ओकॉनेल हिच्या नांवावर असलेला विलाप पिढ्यान् पिढ्या बायकांच्या तोंडीं राहिला, पुढें लिहून घेतला गेला, आणि आज तो आयरिश भाषेंतील श्रेष्ठ काव्यांपैकीं एक मानिला जातो. ह्या काव्यांत पत्नी एकटी बोलत नाहीं. मृताची बहीण मध्येंच टोमणा मारते कीं, इतर लोक जागत असतां तूं मात्र निजावयास गेलीस. आणि पत्नी उत्तर देते कीं, मी झोपलें नव्हतें, मुलांस निजवावयास गेलें होतें. नणंदभावजयींचें भांडण विलापांत आलें म्हणून तेथील टीकाकारांनीं काव्यास हीन ठरविलें नाहीं; उलट त्यामुळेंच तें जिवंत आहे असें ते मानितात. सिहोऱ्याकडच्या कोणत्याहि मरणघरीं बसलेल्या मनुष्यास हा संवाद परका वाटणार नाहीं.

सिंज ह्या नाटककारानें आरान बेटांवर राहून हे विलाप कानांनीं ऐकिले, आणि १९०४ सालीं 'रायडर्स टु द सी' ही एकांकिका रंगभूमीवर आणिली. समुद्रानें सर्व मुलगे गिळलेली म्हातारी त्यांत शेवटीं शांत होते आणि तिच्या भोंवतीं बायकांचा विलाप उठतो. त्या शांततेचा अर्थ त्या विलापावांचून कळलाच नसता. लेखकानें रीत नुसती वर्णिली नाहीं. तिच्यांतून नाटकाची भाषा घडविली.

आतां आपल्याकडे वळूं. मराठींतलें पहिलें मोठें मरणघर आळंदीचें. शके १२१८, म्हणजे १२९६ सालीं ज्ञानदेवांनीं समाधि घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नांवावर असलेले अभंग हा आमच्या मतें मराठींतील मरणवर्णनाचा मेरुमणि होय. त्यांत तयारी आहे, जमलेली मंडळी आहे, निवृत्तिनाथांसारख्या विरक्तालाहि आवरतां न आलेला शोक आहे. ज्ञान्यानें रडूं नये हा दंडक तेथें कवीनें बाजूस ठेविला. रडणाऱ्याची लाज वाटून घेतली नाहीं. ही वाट पुढें चालू राहिली असती तर आम्हांस हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

आधुनिक विलापिका मात्र दुसऱ्या घराण्याची. तिचा एक डोळा कालिदासाच्या अजविलापाकडे आणि दुसरा इंग्रजी कवींकडे. ती बहुधा विद्वानानें विद्वानासाठीं, एकांतांत बसून लिहिलेली असते. तींत अंगण नसतें, शेजारीण नसते, हिशेब नसतो. ह्याला एक ठळक अपवाद म्हणजे गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' ही कविता. मूल गेलेली आई, तें झोपलें आहे असें म्हणत, त्यास उचलून नेण्यास आलेल्या लोकांस अडविते. येथें मरणघर आहे, लोक आहेत, आणि त्यांच्याशीं भांडणारी आई आहे. ही कविता घरोघर पाठ झाली, तिचें कारण करुणरस हें जितकें, तितकेंच हेंहि कीं, वाचणाऱ्या बायकांस तो आवाज ओळखीचा वाटला. गडकऱ्यांचा स्वतःचा अंत १९१९ सालीं आमच्याच विदर्भांत, सावनेरास, झाला.

बायकांनीं स्वतः रचिलेलें म्हणून आपण ओव्यांचा अभिमान बाळगतों, आणि तो योग्यच आहे. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवना'पासून गी प्वातवाँ व हेमा राईरकर ह्यांनीं जमविलेल्या लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत हें काम झालें. त्यांत मरणाच्या ओव्या आहेत. त्यांतहि अहेव मरणाची कल्पना वारंवार येते. हळदकुंकवानें मळवट भरलेला आपला देह, माहेरचें लुगडें, पाठीमागून येणारा भाऊ, हें सर्व जात्यावर बसलेली बाई जिवंतपणींच पाहून घेते. पण ओवी ही पहांटेची, एकांताची आणि शांतपणें घोटलेली. विलाप हा भर दुपारचा, चारचौघांतला आणि तत्काळ. ओवी आपण जमविली, कारण ती ऐकावयास गोड आहे. विलाप गोड नाहीं, म्हणून तो सोडून दिला.

मरणघराच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे खर्च आणि भिक्षुकी ह्यांकडे, आमच्या विचारवंतांनीं दुर्लक्ष केलें असें मात्र नाहीं. जोतीराव फुल्यांनीं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां'त, जें १८९१ सालीं त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालें, मृताच्या क्रियेचा प्रश्न हातीं घेतला. गाडगे महाराजांनीं कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्यांस कीर्तनांतून आयुष्यभर फटकारिलें. तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'नें, १९५५ सालीं, अंत्यसंस्काराचा विचार गांवापुढें ठेविला. राजस्थानांत तर १९६० सालीं मृत्युभोजाविरुद्ध कायदाच झाला. ह्या सर्वांचें म्हणणें बरोबर होतें. तेरवीसाठीं धानाचा बांध गहाण पडावा ह्यांत कोणतीहि संस्कृति नाहीं, आणि परंपरेच्या प्रेमानें आम्ही त्याचें समर्थन करणार नाहीं. परंतु सुधारणेच्या झाडणींत एक चूक झाली : जेवण आणि रडणें हीं एकाच गाठोड्यांत बांधलीं गेलीं. जेवणास पैसा लागतो. विलापास कांहीं लागत नाहीं. जेवणानें घर बुडतें. विलापानें बाईचें मन मोकळें होतें. सुशिक्षितांनीं दोहोंसहि अडाणीपणाचें एकच नांव दिलें, आणि जेवणापेक्षां विलापच आधीं मागें हटला.

नाटकांत हेंच दिसून येतें. सतीश आळेकरांचें 'महानिर्वाण' १९७४ सालीं आलें. भाऊराव मरतात आणि त्यांचें प्रेतच कीर्तन करूं लागतें. चाळकरी जमतात, मुलाची वाट पाहिली जाते, जुन्या स्मशानाचा हट्ट धरला जातो. आयरिश जागरणांतील थट्टेचें तत्त्व मराठींत कोठें सांपडलें असेल तर तें येथें. मरणाच्या विधींतलें जें हास्यास्पद, तें ह्या नाटकानें इतकें अचूक पकडिलें कीं, पुढें कोणत्याहि मयतीस जाणाऱ्या मराठी माणसास तें आठवावें.

महेश एलकुंचवारांचें 'वाडा चिरेबंदी' १९८५ चें, आणि तें आमच्या विदर्भाचें. तात्याजी गेले आहेत. मुंबईचा मुलगा सुनेसह आला आहे. घराण्याच्या इभ्रतीस शोभेल अशी तेरवी करावयाची आहे, आणि करण्याचें बळ उरलेलें नाहीं. देशपांड्यांचा मोडकळीस आलेला वाडा ह्या तेरा दिवसांत जसा उघडा पडतो, तसा तो लग्नांत किंवा वाटणींतहि पडला नसता. आणि मरणघर हेंच कुटुंबाच्या सत्याची जागा आहे हें ओळखणें हा एलकुंचवारांचा मोठेपणा. परंतु वाचकांनीं एक पाहावें. त्या वाड्यांत विधवा झालेली आई आहे, शिक्षण अडवलेली मुलगी आहे, राबणारी सून आहे. पण त्यांचें दुःख दबलेल्या आवाजांत, अर्ध्या वाक्यांत आणि मौनांत व्यक्त होतें. हें दोष म्हणून आम्ही सांगत नाहीं. त्या वर्गाच्या घरांत बायका तशाच दाबून रडतात, आणि लेखक आपल्या घराशीं प्रामाणिक राहिला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वाड्याबाहेरच्या गल्लींत जी बाई उघड्या गळ्यानें हिशेब मागते, तिला अजून तिचा एलकुंचवार मिळालेला नाहीं.

ती गल्ली ज्यांनीं पाहिली, त्यांनीं मरणघराची आणखी एक बाजू दाखविली. अण्णाभाऊ साठ्यांच्या 'स्मशानांतील सोनं' ह्या कथेंतला भीमा मुंबईच्या उपनगरांत बेकार होतो आणि प्रेतांच्या तोंडीं घातलेल्या सोन्यावर पोट भरूं पाहतो. मेलेल्याच्या मुखांत सोनें ठेवण्याची पवित्र रीत उपाशी माणसाच्या डोळ्यांनीं कशी दिसते, हें त्या कथेनें एकदां सांगितलें तें कायमचें. दया पवारांच्या 'बलुतं' ह्या १९७८ सालच्या आत्मकथनानें महारांकडे असलेल्या गांवकामांचा जो पाढा वाचला, त्यांत मयताची वर्दी परगांवीं पोहोंचविणें हेंहि काम होतें. दुसऱ्याच्या दुःखाची बातमी घेऊन ज्यानें उन्हांतान्हांत धांवावें, त्यास त्या घरच्या अंगणांत बसतां येऊं नये, हें सत्य परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनीं विसरूं नये. गांवचें मरणघर हें सर्व गांवाचें नव्हतें.

बंगालींत महाश्वेता देवींनीं भाड्यानें रडणाऱ्या बाईची कथा 'रुदाली' ह्या नांवानें लिहिली आणि १९९३ सालीं तिजवर हिंदी चित्रपट निघाला. म्हणजे भारतीय लेखणीस हा विषय हाताळतां येत नाहीं अशांतला भाग नाहीं.

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, हें रडणें उसनें असतें. कोणाच्या तरी मयतीस आलेली बाई आपलेंच जुनें दुःख रडून घेते. ही गोष्ट खरी आहे, आणि होमरानेंहि 'इलियडां'त ती टिपली आहे : पॅट्रोक्लसाच्या प्रेताभोंवतीं बायका रडतात त्या वरवर त्याच्यासाठीं, पण मनांत प्रत्येकजण आपापल्या दुःखासाठीं. तीन हजार वर्षांच्या आसपास ज्या गुणामुळें तें वर्णन खरें वाटत आलें, तोच गुण सिहोऱ्याच्या बाईंत दिसला म्हणजे दोष कसा ठरतो? सांचा ठरीव असला म्हणून त्यांत ओतलेलें दुःख खोटें होत नाहीं. अजविलापहि वृत्तांतच लिहिलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुसऱ्याच्या घरचा शोक टिपून घेणें असभ्यपणाचें नाहीं काय? आहे. मरणघरीं यंत्र घेऊन बसणाऱ्या अभ्यासकास आम्ही दाराबाहेरच उभें करूं. परंतु मार्ग तेवढाच नाहीं. वर्षें लोटल्यावर, तिच्या संमतीनें, आपण तेव्हां काय बोललों हें सांगणाऱ्या वृद्ध बाया अजून गांवोगांवीं आहेत. आणि कादंबरीकारास तर नोंदवहीचीहि गरज नाहीं. त्यास कान असला म्हणजे पुरे. झाडीबोलींत व पोवारींत लिहिणाऱ्या तरुण मंडळींकडे आमची विशेष अपेक्षा आहे. त्यांच्या आयांची ती भाषा आहे. ती त्यांनीं लग्नगीतांपुरती राखून ठेवूं नये.

काळ थोडा आहे हेंहि सांगितलें पाहिजे. २०२० सालच्या टाळेबंदींत अंत्ययात्रेस वीसच माणसांची परवानगी होती. कित्येक लेकींनीं बापाचें शेवटचें दर्शन फोनवर घेतलें आणि हेल काढण्यास शीवच उरली नाहीं. ती आपत्ति गेली. पण शिकलेल्या मुलींना मोठ्यानें रडण्याची लाज वाटूं लागली आहे, ती जाणार नाहीं. ही लाज त्यांना कोणी शिकविली, हें हा लेख वाचणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनीं आपल्याशींच विचारून पाहावें. आमच्याच शाळांनीं, आमच्याच बैठकीच्या खोल्यांनीं, 'असें रडूं नये' असें सांगून ती शिकविली आहे.

सभ्यपणा म्हणून आम्ही जें गप्प केलें, तें दुःख नव्हतें. दुःख तेवढेंच आहे. गप्प झाली ती बाईची साक्ष. मराठी टीकेनें तिला वाङ्मयप्रकार म्हणून एकदां तरी नांव घेऊन हाक मारावी, एवढेंच आमचें मागणें आहे.